रुळावर माणूस आहे, हे गाडीला कोण सांगणार?

वसमतहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेने थोडं चाललं तरी एक गोष्ट नजरेत भरते. खडीचा भराव मध्येच एखाद्या जागी दबलेला असतो. तिथे खडीच्या फटींत काळी माती बसलेली असते, उतारावर कुणीतरी दोन सपाट दगड पायरीसारखे लावलेले असतात आणि रुळांपलीकडे तशीच वाट खाली उतरून धुऱ्याला मिळते. अलीकडे गाव, पलीकडे शिवार. रेल्वेच्या नकाशात या वाटेची नोंद नसते. गावातल्या प्रत्येकाच्या पायांना मात्र ती पाठ असते. सोयाबीनच्या, हळदीच्या हंगामात इथून बाया डोक्यावर ओझं घेऊन जातात. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही. दोन्हीकडे बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागतं आणि भाऱ्याचा तोलही राखावा लागतो. मग पुष्कळदा एकाच बाजूला बघून पाय टाकला जातो, दुसरी बाजू कानांवर सोपवलेली असते.

कानांवरचा हा भरवसा मीटरगेजच्या काळातला आहे. पूर्णा–अकोला मार्गाचं ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २००८ मध्ये झालं. त्याआधीच्या गाड्या संथ होत्या आणि इंजिन लांबून ऐकू यायचं. आता वर विजेच्या तारा आल्या आहेत. विजेचं इंजिन डिझेलइतकं धडधडत नाही, आणि वेग वाढलेला आहे. त्यात डोळेही दगा देतात. मोठी वस्तू समोरून येत असली की तिचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतो, हे दृष्टीच्या अभ्यासकांनी दाखवून दिलेलं आहे. मुंबईत वडाळ्याजवळ याच समजुतीवर एक प्रयोग झाला होता. ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते गाडीखाली किती भराभर नाहीसे होतात यावरून वेगाचा अंदाज यावा. भेदरलेल्या चेहऱ्याचं चित्र लावलं. एक लांब शिट्टी देण्याऐवजी दोन तुटक शिट्ट्या द्यायला सांगितल्या. प्रयोग शहाणपणाचा होता, पण सावध होण्याचा सगळा भार त्यानेही रूळ ओलांडणाऱ्यावरच ठेवला. गाडीने काय करायचं, हा प्रश्न तिथेही विचारला गेला नाही.

तो प्रश्न जगात खऱ्या अर्थाने विचारला गेला तो चालकाविना धावणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा. १९८१ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात बंदराच्या बेटावर जाणारी अशी गाडी सुरू झाली. १९८३ मध्ये फ्रान्समधल्या लील शहराची मेट्रो आली. गाडीत चालक नाही, मग रुळावर कुणी पडलं तर बघणार कोण? या दोन्ही शहरांनी उत्तर दिलं, की माणूस रुळापर्यंत पोचणारच नाही अशी सोय करू. फलाटाच्या कडेला भिंत उभारली आणि गाडी आल्यावरच उघडणारे दरवाजे तिला बसवले. मुंबईची आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ त्याच पद्धतीची आहे. तिच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशा घडवलेल्या आहेत आणि फलाटावर पूर्ण उंचीचे काचेचे दरवाजे आहेत.

पण काही शहरांनी भिंत न उभारता दुसरी वाट धरली. कॅनडातल्या व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८५ पासून चालकाविना धावते आणि तिचे फलाट उघडे आहेत. तिथे स्थानकातल्या रुळांजवळ दाब ओळखणाऱ्या पट्ट्या बसवल्या. त्यांवर कुणी पडलं की येणारी गाडी आपोआप थांबते. फ्रान्समधल्या ल्यों शहराने अवरक्त किरणांचा पडदा लावला. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गने २००८ मध्ये चालकविरहित मेट्रो सुरू करताना फलाटाच्या कडेला रेडिओ लहरींची जाळी वापरली. ती वर्तमानपत्राचा कागद आणि माणूस यांत फरक करते. तंत्रं वेगवेगळी आहेत, पण या सगळ्यांच्या मागे एकच गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने तंत्रापेक्षा तीच मोलाची आहे. चालक काढून घेतल्यावर रूळ मोकळा आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्या संस्थेवर येऊन पडली. 'तो मध्ये का आला' असं म्हणून तिला मोकळं होता येईना. रूळ मोकळा असल्याची खात्री नसेल तर गाडी सोडायची नाही, असा करार त्या यंत्रणेने प्रवाशांशी केला.

हिंगोलीला चालकविरहित गाडी नको आहे, येत्या काही दशकांत ती येणारही नाही. पण चालक काढताना जी जबाबदारी त्या शहरांनी अंगावर घेतली, ती आपल्या चालक असलेल्या गाडीलाही लागू व्हायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे आज कायदा काय म्हणतो? १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ सांगतं, की रेल्वेच्या हद्दीत परवानगीविना शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुकसानभरपाईचं कलम १२४ अ हे प्रवाशांसाठी आहे. शेतात जाताना रूळ ओलांडणारी बाई प्रवासी नाही, त्यामुळे ती त्यात बसत नाही. रेल्वे आपल्या अपघातांचा जो ताळेबंद दरवर्षी मांडते, त्यात टक्कर, रुळांवरून घसरणं, आग, फाटकावरचा अपघात या गोष्टी येतात. त्या ताळेबंदात २०१४-१५ साली १३५ अपघात होते, ते २०२३-२४ मध्ये ४० वर आले. ही कामगिरी खरी आहे, तिचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. मात्र रुळावर गाडीखाली सापडलेला माणूस या मोजणीत नसतो. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पुस्तकात सापडतो. त्या पुस्तकात २०२१ या एका वर्षातले रेल्वेशी संबंधित मृत्यू १६ हजारांहून जास्त आहेत आणि अशा घटनांत महाराष्ट्र पहिला आहे. तिथेही गाडीतून पडलेले आणि रुळावर धडक बसलेले एकाच रकान्यात घातलेले आहेत. लोकलच्या दारातून पडलेला तरुण आणि कनेरगावच्या शिवारात रूळ ओलांडणारा म्हातारा यांची कारणंही वेगळी आणि उपायही वेगळे. एकत्र मोजल्यावर उपाय शोधणार तरी कसा?

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चस्तरीय समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवरचा अहवाल दिला. रुळांवर दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं मरतात, त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, असं त्या समितीने लिहिलं आणि त्यासाठी कत्तल या अर्थाचा शब्द वापरला. सरकारी अहवालात असा शब्द क्वचितच येतो. अणुशास्त्रज्ञ असलेल्या, शब्द तोलून वापरणाऱ्या माणसाने तो वापरला, यावरून त्या आकड्यांनी समितीला किती हलवलं असेल हे कळतं. फाटकांबाबत त्या अहवालानंतरच्या काही वर्षांत काम झालं. ब्रॉडगेजवरची बिनमाणसाची फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली गेली. फाटक बंद करून त्याजागी भुयारी मार्ग दिले, त्यातल्या कित्येकांत पावसाळ्यात कमरेएवढं पाणी साचतं आणि माणसं पुन्हा भरावावरून रूळ ओलांडतात. पांदण रस्ता रुळाने तोडला आणि पर्यायी वाट पाण्यात गेली, तर शेतकऱ्याने वखरणी पुढे ढकलायची की काय?

इथे नेहमी एक उत्तर मिळतं. आपल्या गाडीत चालक आहे, त्याला डोळे आहेत, यंत्राची गरज काय? हा भ्रम आकड्यांनी दूर होतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाची मालगाडी सेकंदाला २० मीटर जाते. ताशी ११० ने जाणारी एक्स्प्रेस एक किलोमीटर अवघ्या ३३ सेकंदांत कापते. चार-पाच हजार टन वजनाच्या मालगाडीला आपत्कालीन ब्रेक लावला तरी थांबायला साधारण किलोमीटरभर लागतो, कारण हवेचा दाब शेवटच्या डब्यापर्यंत उतरायलाच काही सेकंद जातात. रात्री इंजिनाच्या दिव्यात माणूस दिसतो तो काही शे मीटरांवरून. म्हणजे लोको पायलटला माणूस दिसतो तेव्हा, रात्री तर हमखास, गाडी थांबवण्याची वेळ निघून गेलेली असते. त्याच्या हातात शिट्टी उरते. त्या उरलेल्या सेकंदांत त्याला समोरचा चेहरा दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर पुन्हा गाडी न्यायची असते. व्हँकुव्हरची गाडी चालकाविना धावते आणि नांदेड विभागातली चालकासह, पण रुळावरचा माणूस वेळेत ओळखण्याच्या बाबतीत डोळस आहे ती व्हँकुव्हरची.

८ मे २०२० च्या पहाटे याच नांदेड विभागात, बदनापूर आणि करमाड यांच्या दरम्यान सटाणा शिवारात जे घडलं ते इथे मांडावंच लागेल. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर टाळेबंदीत अडकले होते. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने ते आदल्या संध्याकाळी पायी निघाले. वाटेत रुळांचा रस्ता धरला. प्रवासी गाड्या बंद होत्या, तेव्हा रूळही बंद असतील असं त्यांनी धरलं. थकून ते रुळांवरच टेकले आणि झोपले. सव्वापाचच्या सुमारास रिकाम्या टँकरची मालगाडी आली. चालकाला माणसं दिसली, त्याने थांबण्याचा प्रयत्न केला, पण अंतर पुरलं नाही. १६ जण गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रुळांवर विखुरलेल्या भाकरींचं छायाचित्र आलं आणि देश हळहळला. त्यानंतर बहुतेक चर्चा एवढ्याच प्रश्नाभोवती फिरली, की रुळावर कुणी झोपतं का?

मला वेगळा प्रश्न छळतो. ती माणसं झोपण्याआधी चालत होती. वीसेक माणसांचा जथा रात्री रुळांवरून जात होता, आणि त्याच रुळांवर मालगाड्या सोडल्या जात होत्या. कुठल्याही स्टेशन मास्तरला, कुठल्याही कंट्रोल रूमला त्यांची खबर नव्हती. झोपलेल्या माणसाची चाहूल लागणं अवघड आहे हे मान्य. चालणाऱ्या जथ्याची चाहूल घेणारं तंत्र तेव्हाही जगात होतं, आणि त्याला लागणारी मुख्य वस्तू आपल्या रुळांच्या कडेला जमिनीत पुरलेली असते.

ती वस्तू म्हणजे ऑप्टिकल फायबर. रेल्वेने सिग्नल आणि दूरसंचारासाठी आपल्या मार्गांच्या कडेने हजारो किलोमीटर फायबर टाकलेली आहे. काचेच्या या केसाएवढ्या तंतूत एका टोकाने लेसरचा स्पंद सोडला की काचेतल्या अतिसूक्ष्म असमानतेमुळे प्रकाशाचा थोडा अंश जागोजाग मागे फिरतो. जमीन हादरली की त्या ठिकाणी तंतू किंचित ताणला जातो आणि मागे येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. ४० किलोमीटर जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचा अडीच हजारावा भागही पुरतो. म्हणजे एक यंत्र ४० किलोमीटरची जमीन सेकंदाला शेकडो वेळा तपासू शकतं आणि हादरा कुठे झाला ते साधारण दहा मीटरच्या नेमकेपणाने सांगू शकतं. पूर्णा–अकोला मार्ग दोनशे किलोमीटरांहून थोडा लांब आहे. अशी पाच-सहा यंत्रं त्याला पुरतील.

हे तंत्र आपल्या रेल्वेला परकं नाही. ईशान्य सीमांत रेल्वेने बंगालच्या डुआर्स भागात हत्तींसाठी ते बसवलं. हत्ती रुळाकडे येऊ लागला की त्याच्या पावलांच्या हादऱ्यावरून यंत्र त्याला ओळखतं आणि स्टेशन मास्तर व चालकाला इशारा जातो. 'गजराज' नावाने ही यंत्रणा जंगलातल्या सुमारे ७०० किलोमीटर मार्गावर बसवण्याचं रेल्वेने २०२३ मध्ये जाहीर केलं. तमिळनाडूत कोइमतूरजवळच्या मदुक्करै जंगलात २०२४ पासून मनोऱ्यांवरचे कॅमेरे हेच काम करतात. तेल कंपन्यांनी आपल्या नळमार्गांच्या कडेला फायबर वापरून, तेल चोरण्यासाठी कुणी कुदळ मारू लागलं तर कळावं अशी सोय केली आहे. कोकण रेल्वेने २००३ च्या वैभववाडी अपघातानंतर डोंगरउतारांना जाळ्या लावल्या, पावसाळी गस्त वाढवली आणि पावसाळ्यासाठी गाड्यांचं वेगळं, संथ वेळापत्रक केलं. हत्ती, दरड, तेलाची चोरी, या सगळ्यांची चाहूल घ्यायला आपण शिकलो आहोत. यातलं काहीही वावगं नाही. हत्तीसाठी हे केलं याचा मला मनापासून आनंद आहे. हत्तीला समजत नाही म्हणून जबाबदारी रेल्वेने घ्यायची, हे तत्त्व तिथे कुणी वादाचं केलं नाही. माणसाला समजतं, या एका गृहीतकावर आपण त्याची जबाबदारी सोडून दिली. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला समजतं, पण वळून बघता येत नाही. बहिऱ्या म्हाताऱ्याला समजतं, पण ऐकू येत नाही.

प्रकाशाने अतिसूक्ष्म कंप मोजण्याच्या बाबतीत हिंगोली जिल्ह्याला तर जगाच्या नकाशावर जागा मिळणार आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतो आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्याला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसर फिरेल आणि विश्वातल्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपेल. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल मोजण्याची या यंत्राची ताकद असते. अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनच्या लायगोला काही किलोमीटरवरून जाणाऱ्या मालगाडीचाही उपद्रव होतो, तिचे हादरे गाळून काढावे लागतात. जागा शांत आहे, जमीन फार हलत नाही, म्हणून औंढ्याची निवड झाली. मला या प्रकल्पाचा अभिमान आहे. अब्जावधी प्रकाशवर्षांवरची थरथर ऐकण्याची तयारी ज्या जिल्ह्यात चालू आहे, तिथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी नांदापूर आणि बोल्डा या स्टेशनांमधल्या रुळावरची पावलं ऐकण्याचं काम हातात घ्यावं, असं मला फार वाटतं. दोन्हींचं शास्त्र एकाच घरातलं आहे.

आता अडचणींकडे येतो, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली, हत्तीचं वजन काही टन आणि माणसाचं पन्नास-साठ किलो. डुआर्सचं जंगल रात्री शांत असतं. वसमतच्या शिवारात रुळापासून वीस मीटरवर रोटाव्हेटर फिरतो, विहिरीवर मोटार चालू असते, शेळ्यांचा कळप जातो, पाऊस कोसळतो. फायबरला हे सगळं ऐकू येतं. प्रत्येक शेळीला गाडी थांबली तर वेळापत्रक कोलमडेल, आणि चार दिवसांनी लोको पायलट इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागेल. खोट्या इशाऱ्यांनी बोथट झालेली यंत्रणा नसलेल्या यंत्रणेपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्या भरवशावर कुणीतरी निर्धास्त राहतो.

म्हणून साऱ्या मार्गावर एकाच प्रकारची यंत्रणा लावावी, असं मी म्हणणार नाही. माणसं कुठेही रूळ ओलांडत नाहीत, ती ठरलेल्या वाटांनीच ओलांडतात. या वाटांवर दुहेरी पहारा असावा. फायबरने चाहूल द्यावी आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने किंवा रडारने खातरी करावी. जपानमध्ये फाटकांवर लेसर यंत्रं अडकलेली मोटार ओळखतात आणि चालकाला सिग्नल देतात. ब्रिटनमध्ये कित्येक फाटकांवर रडार लावलेलं आहे, रूळ मोकळा असल्याचं त्याने सांगितल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. या दोन्ही ठिकाणी गाडीत चालक असतो, हे लक्षात घ्यावं. उलट ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा वाळवंटात रिओ टिंटो कंपनी २०१८ पासून सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या लोहखनिजाच्या गाड्या चालकाविना चालवते. तिथे शेकडो किलोमीटरमध्ये वस्ती नाही म्हणून ते जमतं. आपल्याकडे दर दोन-तीन किलोमीटरला गाव आहे. यंत्राच्या डोळ्यांची गरज खरी इथे आहे.

मिळालेल्या इशाऱ्यावर काय करायचं, याचीही पायरी ठरवता येते. कडेने कुणी चालत असेल तर इंजिनाला निरोप जावा आणि शिट्टी आधीपासून सुरू व्हावी. रुळांच्या मध्ये कुणी थांबलेलं असेल आणि हलत नसेल, तर वेग कमी व्हावा किंवा गाडी थांबावी. रुळावर थांबून राहणाऱ्यांत जीव द्यायला आलेले दुःखी लोकही असतात. त्यांना दोन मिनिटं मिळणं याची किंमत मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागू नये. निरोप पोचवण्याचा मार्गही तयार होतो आहे. 'कवच' ही देशी यंत्रणा दक्षिण मध्य रेल्वेने आपल्या १४६५ किलोमीटर मार्गावर सर्वांत आधी बसवली, त्यात मनमाडहून परभणी–नांदेडकडे जाणारा मार्ग येतो. म्हणजे हिंगोलीची गाडी ज्या पूर्णा जंक्शनला मिळते तिथवर कवच पोचलेलं आहे. कवच इंजिनाशी रेडिओवरून बोलतं, लाल सिग्नल ओलांडू देत नाही, फाटक जवळ आलं की आपोआप शिट्टी वाजवतं. मात्र रुळावर पुढे काय आहे म्हटलं, तर दुसरी गाडी आहे का, एवढंच त्याला कळतं. त्या पहाटे सटाणा शिवारात कवच असतं तरी त्याने रूळ मोकळा असल्याचंच सांगितलं असतं. त्याच रेडिओवरून रुळावरच्या माणसाची खबर इंजिनात पोचवणं हे अभियंत्यांच्या आवाक्यातलं काम आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमध्ये वंदे भारत गाडीची म्हशींना धडक बसली, गाडीचं नाक तुटलं, त्यानंतर मुंबई–अहमदाबाद मार्गावर ६२२ किलोमीटर लांबीचं लोखंडी कुंपण घालायचं ठरलं आणि ते घातलं गेलं. निकड वाटली की पैसा उभा राहतो. पण नुसतं कुंपण मला हिंगोलीसाठी नको आहे. शेत पलीकडे असलेल्या गावाला कुंपण घालून ओलांडायची वाट दिली नाही, तर महिनाभरात ते कुठेतरी तुटेल आणि माणूस तिथून वाकून, पुढचं न दिसता बाहेर पडेल.

तिसरा आक्षेप बाहेरच्यांचा नाही, माझ्या मनातलाच आहे. पावलं ऐकणारी तार उद्या दंड वसूल करायला वापरली जाईल. इशारा आला की गाडीचा वेग कमी करण्याऐवजी शिपाई धाडला जाईल आणि भारा घेतलेल्या बाईकडून पावती फाडली जाईल. तसं झालं तर लोक ठरलेली वाट सोडून आडवाटेने, अधिक धोक्याच्या जागी रूळ ओलांडतील. म्हणून नियमातच लिहिलेलं असावं, की या यंत्रणेच्या नोंदी कलम १४७ च्या कारवाईसाठी वापरता येणार नाहीत. त्यांचा दुसरा उपयोग एकच असावा. कुठल्या वाटेने दिवसाला किती माणसं जातात, हे वर्षभरात कळलं की तिथे पादचारी पूल किंवा पाणी न साचणारा भुयारी मार्ग मागायला गावाकडे पुरावा येतो. आज सरपंच अर्ज करतो आणि 'रहदारी पुरेशी नाही' असं उत्तर आलं तर त्याच्याकडे म्हणायला काही नसतं.

आणि या सगळ्यात पहिला हक्क गँगमनचा आहे. थंडीत रूळ आकसून तडा जातो म्हणून तो पहाटे गस्त घालतो, उन्हाळ्यात रूळ वाकतो म्हणून दुपारी, पावसाळ्यात भराव वाहून जातो म्हणून रात्री. हातोडा आणि पाना घेऊन एकट्याने मैलोन्‌मैल चालणारा हा माणूस परवानगीने रुळावर असतो, तरी गाडीला तो तितकाच अदृश्य असतो. गाडी जवळ आल्याचं सांगणारं 'रक्षक' नावाचं उपकरण रेल्वेने आणलं आहे. ते विभागातल्या प्रत्येक गँगमनच्या खांद्यावर पोचणं ही कसल्याही नव्या संशोधनाची वाट न बघता होणारी गोष्ट आहे.

नांदेड विभागाने सुरुवात पूर्णा ते हिंगोली एवढ्याच पट्ट्यापासून करावी. या पट्ट्यात मागच्या दहा वर्षांत रुळावर किती माणसं गेली, कुठल्या किलोमीटरच्या खांबाजवळ, किती वाजता, हे रेल्वे पोलिसांच्या नोंदींतून काढून नावं वगळून जाहीर करावं. मग विभागाचे अभियंते, तलाठी आणि ग्रामपंचायतीचे लोक यांनी मिळून हा मार्ग पायी चालून दबलेल्या खडीच्या वाटांची यादी करावी. कुठली वाट कुणाच्या शेताला जाते आणि कुठल्या वळणावर गाडी उशिरा दिसते, हे गँगमनला तोंडपाठ असतं. तो सोबत असेल तर ही यादी एका खरीप हंगामात पुरी होईल.